कलिंगडाची फोड आणि खाकी कागद

इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला जो बसला, तो स्थिरचित्राचा पेपर सहसा विसरत नाही. टेबलावर मुद्दाम चुण्या पाडलेलं कापड, एक किटली, दोन कांदे, एखादं वांगं आणि भोवती अर्धगोलात बसलेली पोरं. ज्याच्या नशिबी अंधाराकडची जागा आली, त्याच्या कागदावर सगळंच काळं. त्या मांडणीत काहीही चिरलेलं नसायचं. कांदा अख्खा, वांगं अख्खं, केळी सालासकट. कापलेली वस्तू पेपर संपेपर्यंत सुकते, तिचा रंग फिरतो, म्हणून ही काळजी. पण त्यामुळे माझ्या डोक्यात एक समज पक्का बसला होता, की ज्याला कुणी हात लावणार नाही, जे कुणी खाणार नाही, तेच स्थिरचित्रात बसतं.

तो समज मेक्सिकोच्या चित्रांनी मोडला. स्पॅनिशमध्ये स्थिरचित्राला ‘नातुरालेसा मुएर्ता’ म्हणतात. शब्दशः अर्थ घेतला तर मेलेला निसर्ग. फ्रिदा काहलोनं १९५२ साली फळांचं एक चित्र केलं आणि त्याच्यावरच लिहून टाकलं ‘नातुरालेसा वीवा’, म्हणजे जिवंत निसर्ग. नुसती कोटी म्हणून सोडून द्यावं असं ते नाही. त्या काळात ती बहुतेक वेळ अंथरुणात होती. स्वतःची चित्रं काढणारी म्हणून तिला जग ओळखतं, पण अखेरच्या वर्षांत तिनं फळं फार काढली. पलंगापर्यंत येऊ शकणारी मॉडेलं तीच होती. १९५३च्या ऑगस्टमध्ये तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि १३ जुलै १९५४ रोजी, सत्तेचाळिसावं वर्ष पूर्ण झाल्यावर आठवड्यात, ती गेली.

तिचं शेवटचं मानलं जाणारं चित्र कलिंगडांचं आहे. कोयोआकानमधल्या तिच्या निळ्या घरात ते आजही पाहायला मिळतं. वर आभाळ, निम्मं उजळ आणि निम्मं गडद निळं. खाली कलिंगडंच कलिंगडं. एक अख्खं, एक अर्धं, एक चतकोर, एकाला करवतीच्या दातांसारखी नक्षी कापलेली. आणि अगदी पुढ्यात, तळाशी, एक फोड. त्या फोडीच्या लाल गरावर अक्षरं आहेत: ‘व्हिवा ला व्हिदा’, आयुष्य चिरायू होवो. खाली नाव, गाव, १९५४, मेक्सिको. चित्रकार सही करतो ती कोपऱ्यात, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशी. हिनं ती फळाच्या गरात कोरल्यासारखी केली.

फ्रिदाच्या चित्रांत फळ क्वचितच बंद असतं. पपई मधोमध चिरलेली आणि बिया दिसणारी. निवडुंगाची बोंडं फोडलेली, ताटलीत लाल रस पसरलेला. १९४२ साली राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीनं जेवणघरात लावायला म्हणून तिच्याकडून एक गोल चित्र करवून घेतलं आणि पाहिल्यावर परत पाठवलं. भाज्या आणि फळंच होती, पण अशी काही उघडी की जेवायला बसलेल्या पाहुण्यांची पंचाईत झाली असती. १९५१च्या एका चित्रात नारळ रडताहेत. नारळाला तीन डोळे असतात हे आपल्याकडे शेंडी काढून नारळ वाढवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. फ्रिदानं त्या डोळ्यांतून पाणी काढलं, एवढंच.

आता कबूल करायची गोष्ट. ‘मेक्सिकोच्या खाण्यावरून आणि कलेवरून स्थिरचित्र’ असा विषय मी पहिल्यांदा हाती घेतला, तेव्हा रुंद काठाची टोपी, एक निवडुंग आणि गिटार अशी मांडणी कागदावर आली. हॉटेलच्या मेन्यूकार्डावर शोभलं असतं. त्यात खाण्याचा पदार्थ म्हणाल तर एक मिरची, तीही अख्खी. चित्र फाडलं नाही, पाठकोरा कागद म्हणून वापरलं. मग ठरवलं की तिथल्या चित्रकारांनी फळं कुठं पाहिली, तिथून सुरुवात करायची.

त्यांनी ती बाजारात पाहिली. मेक्सिकोत आठवडी बाजाराला ‘तियांगिस’ म्हणतात. हा शब्द स्पॅनिश लोक येण्याआधीचा, नाहुआत्ल भाषेतला. टोमॅटो, चॉकलेट, अ‍ॅव्होकाडो हे शब्दही त्याच भाषेतून निघून जगभर गेले. या बाजारात फळांचे ढीग लागतात आणि प्रत्येक ढिगावर एखादं फळ कापून ठेवलेलं असतं, आतला रंग दिसावा म्हणून. आपला कलिंगडवाला त्रिकोणी काप काढून सुरीच्या टोकावर दाखवतो, तोच व्यवहार. चित्रकार रुफिनो तामायो (१८९९–१९९१) वाहाकाचा. आई लहानपणी गेली आणि तो मेक्सिको सिटीत मावशीकडे आला. मावशीचा फळांचा धंदा होता आणि पोरगा त्यात हाताशी असायचा. पुढे जन्मभर तो कलिंगडाच्या फोडी रंगवत राहिला. अर्धचंद्रासारख्या, जवळजवळ भूमितीच्या आकृतीत गेलेल्या, पण लाल रंग असा खरबरीत की जिभेला गराचा रवा लागावा. ओल्गा कोस्ता जन्मानं लाइपझिगची, लहानपणीच मेक्सिकोत आली. तिच्या १९५१च्या ‘फळविक्रेती’ या चित्रात बाई मधोमध उभी आहे आणि बाकी सारी चौकट फळांनी खचाखच भरलेली, काही अख्खी, काही चिरलेली. मोकळी जागा म्हणून सोडलेली नाही. परीक्षेत असं काढलं असतं तर ‘पार्श्वभूमी कुठे आहे?’ म्हणून गुण कापले असते.

याआधीचा इतिहासही आहे. वसाहतीच्या काळात स्पेनमधून ‘बोदेगोन’ची रीत आली: काळोखी पार्श्वभूमी, एका बाजूनं उजेड आणि त्यात भाज्या, भांडी, कोंबड्या. आंतोनियो पेरेस दे आगिलारचं १७६९चं कपाटाचं चित्र त्याच घराण्यातलं आणि देखणं आहे. पण मला रेंगाळायचं आहे ते एर्मेनेहिल्दो बुस्तोसपाशी. हा १८३२ साली ग्वानाह्वातो राज्यातल्या पुरीसिमा देल रिन्कोन नावाच्या गावात जन्मला आणि तिथंच १९०७ साली वारला. गावात बर्फाची मिठाई विकायचा, पत्र्याची कामं करायचा, आणि लोकांची चित्रं काढायचा. सहीत स्वतःला हौशी म्हणवून घ्यायचा. त्यानं स्थिरचित्रं केली ती फक्त दोन, १८७४ आणि १८७७ साली. त्यांत टेबल नाही, टोपली नाही, कापडाच्या चुण्या नाहीत. फिकट पार्श्वभूमीवर फळं ओळीनं मांडलेली, एकानं दुसऱ्याला झाकायचं नाही. डाळिंब उघडलेलं, निवडुंगाची बोंडं, अ‍ॅव्होकाडो, आणि अशा पंगतीत मध्येच एक बेडूक व एक विंचू. का, ते त्यानं लिहून ठेवलेलं नाही. गोळेवाल्याच्या नजरेनं पाहिलं तर मला वाटतं ही त्याच्या मालाची यादीच असावी: काय काय फळं निघतात, कापल्यावर कशी दिसतात. बेडूक-विंचवाचा हिशेब मात्र या तर्कात बसत नाही, आणि न बसल्यामुळेच चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

बुस्तोस आणि फ्रिदा यांच्यात पाऊणशे वर्षांचं अंतर. तरी दोघांचं एक सारखं आहे. फळ बघणाऱ्याकडे तोंड करून उभं असतं. युरोपातल्या चित्रात आपण खिडकीतून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावतो. इथं कुणीतरी फळ कापून आपल्यापुढे धरतं. म्हणून या धर्तीचं चित्र काढायचं तर पहिलं हत्यार पेन्सिल नव्हे, सुरी. विळीवर करवती नक्षी जमत नाही, हे मी बोटाला पट्टी बांधून शिकलो.

मांडणीला काय घ्यायचं? गंमत अशी की मेक्सिकोच्या चित्रातलं कलिंगड मेक्सिकोचं नाही. ते आफ्रिकेतून निघालेलं. डाळिंब, केळं, लिंबू हीही समुद्रापलीकडून गेलेली. मेक्सिकोत ‘मनिला’ नावाचा आंबा मिळतो. तो फिलिपिन्समधून गेला. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पॅनिश गलबतं मनिला आणि अकापुल्कोच्या फेऱ्या करत होती. मात्र आपण घरचं म्हणून जे धरतो त्यातलं बरंचसं तिथून आलेलं आहे. मिरची, मका आणि पपई ही मेक्सिको व आसपासची. चिकूला तिथं ‘चिको सापोते’ म्हणतात, आणि त्याच्या झाडाच्या चिकापासूनच आधुनिक च्युइंगम झालं (‘चीक’ आणि ‘चिकू’ हा योगायोग, त्यावरून व्युत्पत्ती लढवू नये). ड्रॅगन फ्रूट म्हणजे तिथलं ‘पिताया’. फ्रिदानं ते १९३८ साली रंगवलं, खडकावर ठेवलेल्या फळांशेजारी एक खेळण्यातला सांगाडा बसवून. आता ते सांगली-सोलापूरच्या रानातूनही येतं. दसऱ्याचा झेंडूसुद्धा मेक्सिकोचा. त्याचं तिथलं नाव ‘सेम्पासुचिल’, मूळ नाहुआत्लमध्ये ‘वीस फुलं’. एका फुलात इतक्या पाकळ्या की एक फूल म्हणवेना.

राजगिऱ्याचं तर काय सांगावं. अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या मूर्ती करून, त्या पुजून, मग वाटून खात. हे आपल्या पवित्र प्रसादाची नक्कल करतात असं स्पॅनिश पाद्र्यांना वाटलं आणि हे धान्य त्यांच्या डोळ्यांत खुपलं. तरी ते टिकलं. आज मेक्सिकोत लाह्या करून, मध किंवा गुळाच्या पाकात घालून त्याच्या वड्या विकतात. नाव ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद. आपल्याकडे तीच वडी राजगिऱ्याची चिक्की म्हणून एकादशीला चालते. उपासाच्या ताटातलं पाहायला गेलं तर राजगिरा, शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची, साबुदाण्याचा कंद, सगळीच मंडळी अमेरिका खंडातली. शास्त्र सांभाळणारे लोक काय काय सांभाळत नाहीत!

मेक्सिकोच्या मक्याचा विषय निघाला की एका मराठी माणसाचं नाव घ्यावंच लागतं. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांचा ससेमिरा चुकवत देशोदेशी फिरून ते मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. छायाचित्रकार तीना मोदोत्तीनं त्यांच्या कामाचे फोटो काढले. हीच मोदोत्ती १९२७च्या सुमारास काडतुसांचा पट्टा, मक्याचं कणीस आणि विळा एकत्र मांडून फोटो काढत होती. स्थिरचित्र राजकारण बोलू शकतं याचा इतका कमी वस्तूंत दिलेला पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही. दिएगो रिवेरा खानखोज्यांचा मित्र. मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत त्यानं १९२८ साली ‘आमची भाकरी’ अशा अर्थाचं भित्तिचित्र केलं. त्यात टेबलाच्या मधोमध बसून पाव मोडून देणारा माणूस म्हणजे आपले खानखोजे. मागे डोक्यावर फळांची परडी घेतलेली बाई उभी आहे. वर्ध्याचा माणूस दुसऱ्या देशाच्या सरकारी भिंतीवर सगळ्यांना जेवू घालतो आहे, हे चित्र आपल्या शाळेच्या पुस्तकात का नाही, हा प्रश्न मला अधूनमधून छळतो.

तर माझी मांडणी अशी ठरली: अर्धं कलिंगड आणि त्याची एक फोड, अर्धी पपई, अ‍ॅव्होकाडो, तीन-चार टोमॅटो, सोलपाटं मागे ओढलेलं मक्याचं कणीस, मूठभर सुक्या मिरच्या, दगडी खल, राजगिऱ्याचा एक लाडू आणि झेंडू. खलाची निवड विचारपूर्वक. मेक्सिकोत तीन पायांचा दगडी खल ‘मोल्काहेते’ आणि पाट्यासारखा तिरका दगड ‘मेताते’. वरवंटा दोन्ही हातांनी धरून बाया त्यावर मका वाटत आल्या. त्याआधी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवायचा. त्यानं साल सुटतं, पीठ चिकटून येतं, आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगं होतं. युरोपनं मका नेला, ही चुन्याची युक्ती नेली नाही. मग नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. पारंपरिक मेक्सिकन स्वयंपाकाला युनेस्कोनं २०१० साली मानवाच्या अमूर्त वारशात घेतलं, त्याच्या मुळाशी हे पाटा-वरवंट्याचं आणि चुन्याचं ज्ञान आहे.

कागद पांढरा घेऊ नये, असा माझा आग्रह. मेक्सिकोत झाडाच्या सालीपासून कुटून केलेला ‘आमाते’ नावाचा तपकिरी कागद असतो. पुएब्ला राज्यातल्या सान पाब्लितोचे ओतोमी लोक तो करतात आणि गेरेरो राज्यातले नाहुआ चित्रकार त्यावर झगझगीत रंगांत पक्षी, फुलं, गावं रंगवतात. आपल्याला तो कुठून मिळणार? पण जूनमध्ये वह्या-पुस्तकांना घालतो तो खाकी कागद आहे की. त्याच्या गुळगुळीत बाजूवर ऑइल पेस्टल घसरतो, म्हणून उलट बाजू घ्यायची. खाकीवर पिवळा, राणी आणि पोपटी असे काही उठतात की पांढऱ्यावर त्याच कांड्या वापरल्या आहेत यावर विश्वास बसत नाही.

राणी रंग हवाच. मेक्सिकोत त्याला ‘रोसा मेहिकानो’ म्हणजे मेक्सिकोचा गुलाबी म्हणतात. बोगनवेलीचा तो रंग. बाजारातल्या कापडांवर, कागदी पताकांवर, वास्तुकार लुईस बारागाननं बांधलेल्या घरांच्या भिंतींवर. आणि गडद लाल? त्याची कूळकथा निवडुंगावर आहे. फड्या निवडुंगाच्या पानांवर पांढऱ्या मेणकट भुकटीत दडून राहणारा ‘कोचिनीया’ नावाचा किडा. मादी चिरडली की बोट किरमिजी होतं. एका पौंड रंगाला सुमारे ७० हजार किडे लागतात. वसाहतीच्या काळात मेक्सिकोतून स्पेनला जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल याच रंगाची किंमत होती आणि युरोपातल्या मोठमोठ्या चित्रकारांच्या लाल मखमली याच किड्यांच्या जिवावर लालभडक झाल्या. आपल्या पेटीतला क्रिमझन आता कारखान्यात होतो. तरी मिरची रंगवताना ती कांडी उचलली की मला निवडुंग आठवतो.

काढायला बसू नका, उभे राहा. बसल्यावर नजर टेबलाच्या पातळीवर येते आणि पुढची वस्तू मागचीला झाकते. उभं राहून खाली पाहिलं की टेबल आपल्याकडे कलतं, कापलेले भाग गोलसर दिसतात, आणि बुस्तोससारखी प्रत्येक वस्तूला आपली जागा मिळते. पहिल्या रेषा शिशाच्या पेन्सिलीनं काढल्या तर पेस्टलखाली त्या करड्या चिखलासारख्या वर येतात. गेरूच्या रंगाच्या कांडीनं पुसट काढाव्यात. आणि वस्तू कागदाच्या मध्यात गोळा करून चहूकडे मोकळं मैदान सोडू नका. फळ कागदाच्या कडेला टेकू द्या, थोडं बाहेरही जाऊ द्या. प्रकाशाची मोठी कारागिरी नको, खिडकीचा सपाट उजेड पुरतो. सावली काळी न करता निळी किंवा जांभळी, बारीकशी.

क्रम मात्र घड्याळाकडे पाहून लावायचा. सगळ्यात आधी अ‍ॅव्होकाडो. कापल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तो काळवंडू लागतो. वर लिंबू पिळलं तर थोडी सवड मिळते. बियेपाशी लोण्यासारखा पिवळा, सालाकडे जाता जाता हिरवा, आणि कडेला काळपट हिरवी एक रेघ. पिवळ्यावर हिरवा घासताना बोट लावू नका, दोन्ही रंगांची टोकं एकमेकांत नुसती शिरू द्या. मग कलिंगड, कारण ते पाझरतं. पपई निवांत असते, तिला दुपारपर्यंत हात लावला नाही तरी चालतं. मिरच्या आणि मका शेवटी.

कलिंगडाची फोड ही खरी परीक्षा. आपण डोळे मिटून सांगतो, वर हिरवं, मध्ये पांढरं, आत लाल. खरोखर पाहिलं तर पांढरं कुठंच नसतं. काळसर हिरव्या सालीखाली पोपटीची एक केसाएवढी ओळ, मग काकडीच्या गरासारखा फिकट हिरवा, तो हळूहळू गुलाबी होतो, मग लाल, आणि अगदी मध्यभागी लाल पुन्हा किंचित फिका व रवाळ. पांढरी कांडी वापरली की फोड प्लॅस्टिकची झालीच. हिरवा आणि लाल एकमेकांचे विरोधी रंग, थेट भिडले तर डोळ्यांत टोचतात. मधला तो फिका पट्टा दोघांना दूर धरतो. बिया गरभर मोहरीसारख्या टाकायच्या नाहीत. आडव्या कापलेल्या चकतीत त्यांचे ठरलेले कंस असतात, मध्यापासून जरा दूर. प्रत्येक बी गडद तपकिरी, एका बाजूला खिडकीचा निळसर ठिपका, आणि काही बिया जिथून निखळल्या तिथं नुसता खळगा. असे दोन-तीन खळगे काढले की फळ खाल्लं जातंय हे आपोआप कळतं.

सुक्या मिरच्यांत मेक्सिकोचे लोक फार काटेकोर. मिरची वाळली की तिचं नाव बदलतं. ओली ‘पोब्लानो’ वाळून ‘आंचो’ होते, ‘हालापेन्यो’ धुरावर सुकवली की ‘चिपोत्ले’, ‘चिलाका’ची होते ‘पासिया’, म्हणजे छोटी मनुका. कैरीचा आंबा झाल्यावर तिला आपण कैरी म्हणत नाही, तसंच. माझ्याकडे ब्याडगी होती. तिच्या सुरकुत्यांनी आंचोचं काम निभावलं. मिरची लाल रंगानं सुरू केली तर फसते. आधी गडद जांभळट तपकिरी, त्यावर सुरकुत्यांच्या शिखरांवर क्रिमझन, आणि चमक सर्वांत शेवटी, तुटक तुटक, थंड रंगाची. सलग पांढरी रेघ मारली की ती मिरची न राहता रबराची नळी होते.

मक्याचे दाणे मोजत बसायचं नाही, पण एवढं लक्षात ठेवावं की कणसावर दाण्यांच्या ओळी नेहमी सम असतात. आधी लांबीत तीन-चार वाकड्या रेषा, कणसाची गोलाई दाखवणाऱ्या, मग त्यांत दाणे. कडेकडे ते निम्मेच दिसतात. सगळे पिवळे केले पाहिजेत असंही नाही. मेक्सिकोत मक्याचे सुमारे साठ स्थानिक वाण आहेत. निळे, काळसर, लाल, पांढरे दाणे असतात. नऊ हजार वर्षांपूर्वी बाल्सास नदीच्या खोऱ्यात ‘तेओसिन्ते’ नावाच्या एका गवतापासून माणसानं हे कणीस घडवलं. त्या गवताला जेमतेम डझनभर टणक दाणे येतात. माझ्या कणसात मी चार दाणे निळे केले. घरात कुणी तरी ‘हे किडलेत का?’ असं विचारलं.

मागे पताका हव्यात म्हणून पतंगाचा कागद दुमडून कातरला. पुएब्लातल्या सान साल्वादोर विशकोलोत्ला गावचे कारागीर कागदांची थप्पी करून छिन्नी-हातोडीनं हे काम करतात आणि एका दमात सांगाडे, पक्षी, फुलं कोरून काढतात. माझ्या कातरकामातून जेमतेम चौकोन निघाले. अशा पताका मृतांच्या सणाला, १ आणि २ नोव्हेंबरला, घरोघर लागतात. त्या दिवसांत मांडलेली ‘ओफ्रेन्दा’ म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर रचलेलं जिवंत स्थिरचित्रच. पाणी, मीठ, मेणबत्त्या, धूप, झेंडूच्या पाकळ्यांची वाट, आणि गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते पदार्थ. पितृपक्षात आपण कावळ्यासाठी पान वाढतो, तेव्हा आजोबांची आवडती कारल्याची भाजी त्यावर असते, ती याच भावनेनं. मारिया इसकिएर्दो या चित्रकर्तीनं घरातल्या अशा वेदी आणि कपाटं पुन्हा पुन्हा रंगवली, तिची फळं कायम कुणाला तरी वाहिलेली वाटतात.

वेदीवर साखरेच्या कवट्या असतात, साच्यात ओतून केलेल्या आणि वर रंगीत साखरेनं नटवलेल्या. पाडव्याच्या साखरगाठी ज्यानं पाहिल्या त्याला हे काम परकं वाटणार नाही. त्या साखरकामाला स्पॅनिशमध्ये ‘आल्फेनिके’ म्हणतात. शब्द अरबीतून आला, अरबीत फारसीतून, आणि फारसीत संस्कृतातून: ‘फाणित’, म्हणजे उसाचा आटवलेला रस. ऊस पिकवणाऱ्या देशातला शब्द इतका लांब जाऊन कवटी झाला.

दुपारी दोनच्या सुमाराला माझी फोड पुरती पाझरली होती. रस कापडावरून टेबलावर आणि टेबलावरून फरशीवर. मुंग्या रांगेनं येऊ लागल्या. त्यातल्या दोन बुस्तोसला स्मरून चित्रात घेतल्या. झेंडू माना टाकत होता. बिया, खळगे, मिरच्यांची चमक असं एकेक उरकत शेवटी मी लाडवाकडे वळलो. खलाच्या उजवीकडे खाकी कागदावर त्याच्यासाठी वाटोळी जागा सोडली होती. टेबलावरही तिथं वाटोळीच जागा होती, नुसती, दोन-चार लाह्या सांडलेली. स्वयंपाकघरातून कुणाचा तरी तोंड भरलेला आवाज आला, ‘एकच होता का?’

इंटरमिजिएटला स्मरणचित्राचाही एक पेपर असतो. लाडू मी त्या पद्धतीनं काढला.